रात्रीची पाळी

आमच्या भागात विजेला 'लाइन' म्हणतात. ओलिताचे वावर असलेल्या घरात लाइन ही जावयासारखी असते. कधी येणार, किती थांबणार, आल्यावर कोणी उठायचे, याचीच चर्चा. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतीपंपांना कित्येक वर्षे पाळीने वीज मिळत आली. आठवड्यातले काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी असली म्हणजे दहा-अकराच्या पुढे लाइन येणार आणि उजाडताना जाणार. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी लागते ते नेमके थंडीत. मग इशाची नमाज झाली की घरातला एक जण कानाला मफलर गुंडाळून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन वावराची वाट धरी. मागून दादीचा आवाज येई, "आयतल कुर्सी पढते जा रे."

आम्ही म्हणजे तीन भाऊ, आमच्या बायका-पोरे, अब्बांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे चाचा, आणि 2014 पर्यंत दादी. नऊ एकर वावर, एक विहीर, चार ढोरे. मुसलमान माणूस शेतकरी असतो, हे शहरातल्या पुष्कळ मित्रांना अजूनही समजावून सांगावे लागते. त्यांच्या डोळ्यांपुढे मुसलमान म्हणजे गॅरेज, फळांची गाडी, फार तर उर्दू शाळेतले गुरुजी. आमच्या सातबाऱ्यावर चार पिढ्यांची नावे आहेत आणि धुऱ्यावरून भांडणेही चार पिढ्यांची आहेत.

हे वावर ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आहे. बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, 205 चौरस किलोमीटरचे हे रान. साग, सालई, अंजन, तेंदू, पळस अशी पानझडीची झाडे. पावसाळ्यात हिरवेगार, आणि एप्रिल लागला की डोंगराच्या फासळ्या मोजून घ्याव्यात इतके उघडे. अस्वल, बिबट्या, तरस, रोही, रानडुक्कर, सायाळ, मोर हे इथले रहिवासी. रान संपते तिथे आमची तूर सुरू होते. मधे दगडांची एक हद्द आहे, पण ती फक्त तलाठ्याला आणि वनरक्षकाला दिसते.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अनुकूलन' नावाचा भाग असतो. उंटाच्या पाठीवरचे वशिंड, ध्रुवीय अस्वलाची पांढरी फर, बदकाच्या पायांचे पडदे. धाकट्याच्या पोरीने तो वाचून विचारले, "अपने जंगल के जानवरां के पास क्या है?" प्रश्न चांगला होता. पुस्तकात वाळवंट होते, बर्फ होते, समुद्र होता. ज्या रानातून तिच्या घरच्या हरभऱ्यावर रोज धाड पडत होती ते रान नव्हते.

तिला दाखवण्याजोगे एक उदाहरण जिल्ह्यातच होते. आम्ही तिला लोणारला नेले. उल्का पडून काळ्या बेसॉल्ट खडकात झालेला तो गोल खड्डा, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, आणि तळाशी खारे, साबणासारखे बुळबुळीत लागणारे पाणी. त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. मासा त्यात जगत नाही. पण स्पिरुलिना नावाचे सूक्ष्म हिरवे जीव तिथे सुखाने वाढतात, आणि ते खायला काही वर्षी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. मान उलटी करून चोच पाण्यात बुडवायची, पाणी आत घ्यायचे, जिभेने बाहेर ढकलायचे आणि चोचीच्या गाळणीत अन्न अडकवायचे, असा त्यांचा धंदा. जून 2020 मध्ये हे सरोवर गुलाबी झाले तेव्हा गावोगाव चर्चा झाली. कोणी शुभ म्हटले, कोणी कयामतची निशाणी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की उन्हाने पाणी आटले, खारेपणा वाढला आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. तो रंग त्यांचा. त्याच खड्ड्यात काठाला गोड्या पाण्याची धार आहे. मोर आणि वानरे सरोवराकडे पाठ करून त्या धारेवर येतात. एकाच खड्ड्यात दोन जगे. एकाने शरीर बदलून खारे पाणी आपलेसे केले, दुसऱ्याने फक्त पाण्याची जागा हेरली.

पोरीला गुलाबी रंग आवडला असता, पण आम्ही गेलो त्या वर्षी पाणी हिरवे होते. तिने तोंड वाकडे केले.

शरीर घडवून घेणाऱ्यांपैकी आमच्या रानातला मोठा कारागीर म्हणजे अस्वल. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. तिथल्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. वारूळ पुढच्या लांब नख्यांनी फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटून घ्यायच्या म्हणजे धूळ आत जाणार नाही, ओठांची नळी करायची आणि जोराने शोषायचे. सामसूम रात्री तो आवाज बऱ्याच अंतरावरून येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावे, कोणी जुनी मोटार चालू करायचा खटाटोप करीत आहे. बर्फाच्या मुलखातल्या अस्वलासारखे हे हिवाळाभर झोपून राहत नाही, कारण वाळवी बारमाही असते. उन्हाळ्यात मोहाची फुले, पुढे जांभळे, थंडीत बोरे. पिले आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बसतात आणि तशीच फिरतात. वाघाच्या मुलखात घडलेला हा प्राणी असल्यामुळे संकट दिसले की पळण्यापेक्षा उभा राहून तोंडावर पंजा मारणे ही त्याची रीत. वाघासमोर ती उपयोगाची असेल. माणसासमोर काय होते ते पुढे येईलच.

पण ही सगळी फार जुनी कामे. हजारो वर्षांत दात पडले, नख्या वाढल्या. आमच्या दादीच्या एका हयातीत जे बदलले ते वेगळे होते. ते घड्याळ.

दादीच्या बालपणी रोह्यांचे कळप भर दुपारी माळावर चरत. ती ढोरे वळायला जायची तेव्हा तिची ढोरे आणि रोही एकाच नाल्यावर पाणी पीत. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. नावाप्रमाणे ती गाईच्याच नातेवाइकांत मोडते, आणि मुळात तो दिवसाचा प्राणी आहे. दिवसा चरावे, रात्री रवंथ करावा, असा त्याचा शिरस्ता. आमच्या लहानपणी ते संध्याकाळवर आले होते. आता ते रात्रीचे झाले आहेत. रोह्याला घुबडाचे डोळे फुटले नाहीत, त्याच्या कातडीचा रंगही पालटला नाही. माणूस केव्हा नसतो, एवढे त्याने पाठ केले.

दादीकडे घड्याळ नव्हते. तिची रात्र नमाजांनी विभागलेली होती आणि त्याच खुंट्यांवर तिने जनावरे टांगली होती. मगरिबला ससे निघतात. इशा झाली की सायाळ, ती चालताना काटे खुळखुळतात. इशाच्या पुढे रोही. मध्यरात्रीला 'वो'. तहज्जुदला अस्वल. आणि फजरची अजान पडायच्या आत सगळे आपापल्या घरी. ती म्हणायची, "अजान अपने लिए हाजरी है, उनके लिए छुट्टी की घंटी."

हे 'वो' म्हणजे काय ते सांगायला हवे. रानडुकराचे नाव आमच्या घरात घेत नाहीत. घेतले तर जबान चाळीस दिवस नापाक राहते, अशी दादीची समजूत होती. कुराण-हदीसमध्ये असे काही नाही, हे मौलवीसाहेबांनी तिला दोनदा सांगितले; तिने दोन्ही वेळा मान डोलावली आणि 'वो'च म्हणत राहिली. गंमत अशी की ज्या जनावराचे नाव घ्यायची बंदी, त्याच्याइतकी सखोल ओळख आमच्या घराला दुसऱ्या कोणाचीच नाही. 'वो' वाऱ्याच्या उलट बाजूने येतात म्हणजे आमचा वास त्यांना आधी लागतो. पुढे म्हातारी मादी, मागे पोरे. भुईमुगाची ओळ ते नांगरासारखी उकलतात. मका आडवा करून खातात. कणसाला दाणा भरेपर्यंत हात लावीत नाहीत. भरला की त्याच रात्री हजर. आम्हाला त्यासाठी सोलून बघावे लागते, त्यांना वासावरून कळते.

रमजानचा एक अनुभव आहे, तो कुठे छापून आलेला आम्ही पाहिला नाही. रमजानात मोहल्ल्याची रात्र उलटी होते. तरावीह संपवून माणसे उशिरा घरी येतात, सहरीला तीन-चार वाजता दिवे लागतात, भोंग्यावर हाका होतात. 1998 ते 2000 या वर्षांत रमजान थंडीत आला, हरभरा घाट्यांवर यायच्या दिवसांत. आमचे वावर गावापासून फार दूर नाही. पहिले पाच-सहा दिवस रोही जुन्याच वेळेवर आले आणि सहरीच्या गलबल्याने बिचकून पळाले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वेळ बदलली. तरावीह संपून गाव निजले की यायचे आणि सहरीच्या आधी निघायचे. अडीच-तीन तासांचे काम. ईद झाली आणि आठ दिवसांत स्वारी पुन्हा जुन्या वेळेवर. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. 2030 च्या सुमाराला तो फिरून हरभऱ्यावर येईल. तेव्हाच्या रोह्यांना हे सगळे नव्याने शिकावे लागेल. तेव्हाच्या आमच्या पोरांनाही.

आम्हाला वाटत होते, ही आपल्या धुऱ्यापुरतीच गोष्ट आहे. मग 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. सहा खंडांतल्या 62 जातींच्या सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी दाखवले की जिथे माणसाचा वावर वाढला तिथे प्राण्यांचे रात्रीचे फिरणे सरासरी 1.36 पट झाले. म्हणजे जो प्राणी दिवस आणि रात्र निम्मी निम्मी वापरायचा, तो माणसाशेजारी 68 टक्के कामे रात्री करू लागला. शिकारी आणि साधा वाटसरू, शेतकरी आणि पर्यटक, यांत प्राण्यांनी फारसा फरक केला नाही. माणूस म्हटला की अंधारात सरकायचे. जगभरच्या जनावरांनी कोणत्याही परिषदेशिवाय एकच ठराव केला होता: दिवस त्यांना देऊन टाकू.

आमच्या मते हा सौदा वाईट नव्हता. दिवस आमचा, रात्र त्यांची. पीक थोडे जाई, जागल करावी लागे, पण जागल करणारा माळ्यावर बसलेला असतो. डबा वाजवतो, हाकारा देतो, जनावराला लांबूनच कळते. आमचे अब्बा गोफणीने दगड मारीत, तोही जनावराच्या पुढे पडेल असा, अंगावर नाही. दोन्ही पक्षांना एकमेकांचे ठिकाण ठाऊक असे.

लाइनीने हा सौदा मोडला. रात्री ओलीत करणारा माणूस माळ्यावर बसत नाही. तो वावरभर फिरतो. एक दांड भरला की दुसरा फोडतो, चिखलात वाकून उभा राहतो, कधी चुपचाप धुऱ्यावर टेकतो. मोटरीचा एकसुरी आवाज चालू असतो, त्यात त्याची पावले बुडून जातात. शिवाय तो नेमका पाण्याजवळ असतो. आणि थंडीत ओल्या, भुसभुशीत मातीच्या कडेलाच वाळवी वर येते. माणसाला चुकवण्यासाठी जी वेळ जनावराने पत्करली, त्याच वेळेला माणसाला आणून उभे केले. रोह्याने वेळ बदलली, अस्वलाने बदलली, डुकराने बदलली. कागदावरचे वेळापत्रक तेवढे बदलत नव्हते.

2011 च्या जानेवारीत चाचांची पाळी होती. साडेअकराला लाइन आली. दोनच्या पुढे ते तिसरा दांड फोडायला विहिरीच्या मागच्या अंगाला गेले. तिथे बोरीच्या झुडपाआड एक जुने वारूळ आहे. अस्वलाचे डोके वारुळात होते आणि कानांवर मोटरीचा आवाज. चाचांच्या कानांवरही तोच. बॅटरीचा उजेड पडेपर्यंत दोघांमध्ये चार हातही अंतर उरले नव्हते. ते उभे राहिले आणि त्याने आपली जुनी रीत पाळली.

शेजारच्या धुऱ्यावरचे भाऊही त्या रात्री ओलितालाच होते. ओरडणे ऐकून ते टेंभा घेऊन धावले, म्हणून चाचा वाचले. त्यांनी स्वतःच्या धोतराने चाचांचा चेहरा बांधला आणि बैलगाडीत घालून सडकेपर्यंत आणले. पुढे अकोल्याला नेले. डावा डोळा गेला. गालावरच्या टाक्यांनी चाचांचे हसणे कायमचे एका बाजूला ओढले गेले. ते हसले की आता रागावल्यासारखे दिसतात, त्यामुळे लहान मुले आधी घाबरतात आणि मग त्यांच्याच मांडीवर चढतात.

आठ दिवसांनी गावातली पोरे जमली. वारूळ फोडू, झुडूप जाळू, हवे तर रानाच्या कडेला आग लावू, असे बोलणे सुरू झाले. आमचा मधला भाऊ त्यात पुढे होता. तारेत करंट सोडायचाही विचार निघाला. आमच्या तालुक्यात असे करणारे आहेत. त्या तारेला डुकरे मरतात, बिबटे मरतात, आणि पहाटे प्रातर्विधीला गेलेली माणसेही मरतात. चाचा खाटेवर पडून होते. पट्टी बांधलेल्या तोंडाने नीट बोलता येत नव्हते. ते म्हणाले, "वो अपने टाइम पे था. बेटाइम तो मैं गया."

मधला म्हणाला, "तुम गए नहीं चाचा, तुमको भेजा गया."

"फिर जिसने भेजा उससे लड़. झाड़ी से क्या लड़ता?"

दादी तेव्हा होती. ती तसबीह ओढत कोपऱ्यातून म्हणाली, "ये सब भी उम्मत है बाबा." सूरे अनआममध्ये चालणाऱ्या आणि उडणाऱ्या जिवांना माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे, ते तिला ठाऊक होते. कुराणात मुंगीच्या, मधमाशीच्या, गाईच्या आणि हत्तीच्या नावाच्या सूरा आहेत, हे तर ती आम्हाला लहानपणी कोड्यासारखे विचारायची. मधला चिडलेलाच होता. म्हणाला, "उम्मत है तो अपना हरभरा छोड़के दूसरा कुछ खाए." दादीला यावर उत्तर सुचले नाही. आम्हालाही अजून सुचलेले नाही. कोणत्याही भावनेच्या पोटात हरभरा जात नाही, आणि सोसायटीचे कर्ज हरभऱ्यावरच फिटते.

झुडूप मात्र जाळले नाही. त्या सालाचा उरलेला हरभरा आम्ही रात्री पाण्याविना सोडला. निम्मा वाळला.

2019 च्या डिसेंबरात आमच्या रानात एक पाहुणा आला आणि अनुकूलनाचा धडा आम्हाला पुन्हा उघडावा लागला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला तरुण वाघ. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला होता. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब आणि त्यांचे सहकारी त्याच्या हालचाली पाहत होते. जूनमध्ये तो स्वतःची हद्द शोधायला निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये गेला, परतला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करीत 1 डिसेंबरच्या सुमारास ज्ञानगंगेत शिरला. तोवर तो 1300 किलोमीटरांहून जास्त चालला होता. इथे आल्यावरही तो फिरतच राहिला. नऊ महिन्यांचा एकूण हिशेब 3000 किलोमीटरांच्या पुढे गेला. त्याचे नाव 'वॉकर' पडले.

आम्हाला अचंबा वाटला तो अंतराचा नाही. अंतर तर सैलानीबाबांच्या यात्रेला पायी येणारे मुरीदही तोडतात. अचंबा हा की एवढ्या प्रवासात पाच हजारांवर ठिकाणी त्याची नोंद झाली आणि माणसाशी त्याचा प्रसंग घडला तो एकदाच. पावलांचा माग काढीत एक जण, तो ज्या झुडपात पडला होता त्यातच शिरला आणि जखमी झाला. बाकी हजारो माणसांच्या वावरांतून, सडका ओलांडून, कालवे पार करून तो गेला आणि कोणाला पत्ता नाही. दिवसा नाल्यात, झुडपात, उभ्या पिकाच्या सावलीत पडून राहायचे, रात्री चालायचे, डुक्कर मिळाले तर डुक्कर, नाही तर ढोर. जो प्राणी आपण जंगलाचा राजा म्हणून चितारतो, तो वऱ्हाडातून चोरासारखा, किंवा रात्रीच्या पाळीच्या मजुरासारखा, भिंतीच्या कडेकडेने गेला. चाचांनी हे सारे वर्तमानपत्रातून वाचून घेतले आणि एकच विचारले, "अकेला?"

एकटाच. इथेच त्याचे अनुकूलन संपत होते. ज्ञानगंगेत त्याला खायला होते, पाणी होते, दुसरा वाघ भांडायला नव्हता. पण वाघीणही नव्हती. टिपेश्वरात गर्दी झाली म्हणून तो निघाला आणि इतक्या दूर आला की त्याच्या जातीचे कोणीच उरले नाही. बाहेरून एखादी वाघीण आणून सोडावी का, याचा विचार अधिकाऱ्यांनी केला. अडचणही त्यांनीच सांगितली: रान लहान, भोवती शेती, भक्ष्य बेताचे, पिले झाली तर ती जातील कुठे? वेळ बदलता येते, खाणे बदलता येते, झोपायची जागा बदलता येते. जोडीदार नसताना कसे निभवायचे, याची कोणतीही युक्ती शरीरात किंवा सवयीत नसते. 2020 च्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या गळ्यातला पट्टा काढण्यात आला आणि नकाशावरचा तो ठिपका विझला.

त्याच दिवसांत टाळेबंदी लागली. मशिदी बंद, बाजार बंद, सडक ओस. एप्रिलच्या एका दुपारी, असरच्या वेळेला, आम्ही तिघांनी घराच्या गच्चीवरून सात रोही पाहिले. बैलगाडीच्या वाटेने, भर उजेडात, अंगणात फिरावे तसे चालत होते. दादीच्या गोष्टीतला कळप. पुढे 2023 मध्ये आलेल्या एका अभ्यासात वाचले की जगभर पट्टे बांधलेल्या 43 जातींच्या 2300 प्राण्यांच्या नोंदी पाहिल्या, तर टाळेबंदीत ते सडकेच्या सरासरी 36 टक्के जवळ आले होते. माणूस हटल्यावर दिवस परत घ्यायला त्यांना महिनाही लागला नाही. रात्र ही त्यांनी आवडीने निवडलेली नव्हतीच.

2022 मध्ये आमच्या विहिरीवर सौरपंप बसला. आता मोटर सूर्याच्या पाळीने चालते. नऊला सुरू, चारला बंद. रात्री वावरात जायचे कारण उरले नाही, तेव्हापासून आमच्या शिवारात ओलिताच्या वेळी अस्वलाने कोणाला धरले नाही. ज्यांचे पंप अजून जुन्या लाइनीवर आहेत, ते मात्र कागदावरच्या पाळीकडे बघत असतात.

पण 'वो' खूश आहेत. रात्री मोटरीचा आवाज नाही, विहिरीवरचा दिवा नाही, खोकणारा माणूस नाही. मध्यरात्रीला येणारे आता नऊलाच येतात. आम्ही झटका मशीन लावले. बॅटरीवर चालते, तारेला स्पर्श झाला की झटका देते, जीव घेत नाही. पहिला महिना चांगला गेला. मग त्यांनी तारेखालची माती उकरून वाट केली. म्हातारी आधी उकरते, नाक तारेला लागू न देता खालून सरकते आणि पोरे तिच्या मागे. रोही तर सरळ उडी मारतात. आता आम्ही धुऱ्याने करडीच्या सहा ओळी पेरतो. करडीला काटे असतात, जनावर तोंड घालीत नाही. आमच्या वावराचा रंग त्यामुळे बदलला आहे. कडेला पिवळी-नारिंगी चौकट आणि आत हरभरा. मधला भाऊ म्हणतो, एक-दोन वर्षांत ते काटेही पचवतील. तोवर करडीचे तेल घरात मिळते, एवढा फायदा.

विहिरीमागचे वारूळ अजून आहे, उलट मोठे झाले आहे. चाचा सकाळी फजरनंतर तिकडे एक फेरी मारतात. जाताना नातीला बरोबर नेतात. काठीने ताजी उकर दाखवतात, नख्यांचे ओरखडे मोजतात, वाळवीने फुटलेली भिंत कितपत लिंपून घेतली आहे ते बोटाने चाचपून बघतात. ओल जास्त असली तर म्हणतात, आत्ताच गेले, तहज्जुदच्या पुढे. कोरडे असले तर, इशाच्या आसपास आले होते, आज लवकर आले. पोरगी वहीत वेळ लिहिते. मागच्या थंडीत तिच्या वहीत एकोणीस नोंदी झाल्या, आणि त्यांतल्या दोन सोडल्या तर बाकी सगळ्या तहज्जुदच्या आहेत.